गाळण्यातले जीव

"डोळे गेले माझे, हाताची कातडी नाही गेली," चंदनबाई गाळण्यावर वाकून आपल्याशीच पुटपुटत होत्या. "वळवळतंय. बीनणीला विचारावं तर म्हणेल, बाईसा, पाणीच आहे. पाणी वळवळतं होय? पण सांगायचं कुणाला. ह्या घरात सगळेच डोळस."

ज्या बीनणीबद्दल हे चाललं होतं ती राजकुंवर गाळण्याची दुसरी दोन टोकं धरून समोरच उभी होती. सासू-सुनेच्या कपाळांत वीतभरही अंतर नव्हतं. पण सासूचं पुटपुटणं सुनेनं ऐकायचं नसतं, असा त्या दोघींमध्ये चोवीस वर्षांचा न बोललेला करार होता, आणि तो दोघींनी इमानानं पाळला होता.

चोपड्याच्या बाजारपेठेत पुढे किराणा दुकान, मागे घर, त्याच्याही मागे विहिरीचं परसू. घरात मारवाडी, दारात अहिराणी, दुकानात मराठी बोलायचं आणि चंदनबाईंपुढे तिन्ही भाषांत गप्प बसायचं, हे राजकुंवर लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकली. आता तिला चव्वेचाळिसावं सरत होतं. दोन मुली उजवल्या, चष्मा लागला, जिना चढताना गुडघा कुरकुरायला लागला, तरी सासूच्या तोंडी ती बीनणीच, म्हणजे नवी नवरी.

गावात नळ येऊन जुना झाला होता, पण चंदनबाई विहिरीचंच पाणी पीत. रोज सकाळी पाणी शेंदायचं, दुपदरी कापडातून गाळायचं, आणि कापडावर जे जीव राहतील ते, म्हणजे जिवाणी, कापड उलटं धरून वर गाळलेल्या पाण्याची धार सोडून वेगळ्या बालटीत उतरवायची. मग ज्या पाण्यातून ते जीव आले त्याच पाण्यात परत. वरून फेकायचं नाही, आपटतील. त्यासाठी खास बालटी होती. तिच्या तळाला कडी, कडीला दुसरी दोरी. बालटी पाण्याला टेकली की ती दोरी ओढायची, बालटी अलगद पालथी. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आल्यापासून चोपन्न वर्षं चंदनबाईंनी हा नेम एक दिवस चुकवला नव्हता. बाळंतपणातसुद्धा त्या खाटेवरून दोरीच्या आवाजाकडे कान देऊन पडलेल्या असत, असं जुनी माणसं सांगत.

त्या सकाळी, श्रावण लागून चार-पाचच दिवस झाले असतील, राजकुंवरनं सहज खाली बघितलं. पाणीच होतं. पाण्यात दोन काळे ठिपके होते. ठिपके जोडीनं सरकले. मग आणखी एक जोडी दिसली. मग आणखी एक. चष्मा सावरत ती अजून वाकली आणि दोघींची कपाळं टक्कन एकमेकींवर आपटली.

"काय आहे गं?"

"डोळे आहेत, बाईसा."

"कुणाचे?"

"तेच तर दिसत नाही. नुसतेच डोळे आहेत."

चंदनबाईंनी सुस्कारा सोडला. सुनेचं डोकं रद्दी वाचून बिघडलंय हे त्यांचं मत आज पक्कं झालं. त्या माळ घेऊन ओसरीत बसल्या, आणि जिवाणी विहिरीत उतरवायचं काम नेहमीप्रमाणे राजकुंवरकडे आलं. पण ती विहिरीकडे जायच्याऐवजी दुकानात गेली, गोळ्या-बिस्किटांची एक रिकामी काचेची बरणी उचलून आणली, तिच्यात ते पाणी ओतलं आणि बरणी उन्हात धरली.

तेव्हा तिला ते दिसलं.

तुरीच्या डाळीएवढं अंग, पण काचेचं. काचेच्या आत एक काळसर वेटोळं, ती त्याची आतडी असणार. मागे शेपूट, शेपटाच्या टोकाला केसासारखा धागा, आणि बाकी सगळं अंग स्थिर ठेवून तो धागा तेवढा थरथरत होता. पाण्याच्या मधोमध, ना वर ना खाली, चौदा पिल्लं एका दिशेला तोंडं करून टांगल्यासारखी उभी. आणि डोळ्यांच्या जरा मागे, गळ्याशी, एक लाल टिंब लुकलुकत होतं. लुक, लुक, लुक. राजकुंवरनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तिचंही तसंच चाललं होतं, जरा जास्तच जोरात.

"अहो!" ती ओरडली. "अहो, आधी इकडे या!"

अभयकुमार कानावर पेन्सिल आणि हाताला गुळाचा चिकटा घेऊन आले. "गिऱ्हाईक खोळंबलंय."

"गिऱ्हाईक उद्याही येईल. ह्याचं काळीज बघा."

त्यांनी बघितलं. मग बरणी स्वतःच्या हातात घेऊन बघितलं. बाहेर गिऱ्हाईक "ओ शेठ" म्हणून दोनदा ओरडलं तरी बघत राहिले. "अरे बापरे," एवढंच म्हणाले, पण पन्नाशीच्या उंबऱ्यावरचा किराणा दुकानदार सकाळी नऊ वाजता इतकं म्हणतो म्हणजे पुष्कळच म्हणाला.

"गेले का पाण्यात?" ओसरीतून आवाज आला.

राजकुंवरनं बरणीकडे बघितलं. बरणीत पाणी होतं. "गेले, बाईसा," ती म्हणाली.

संध्याकाळी नक्की सोडू असं तिनं ठरवलं होतं. संध्याकाळी तिला वाटलं, सकाळच्या उन्हात अजून एकदा बघू. सकाळी भिकुबाई भांडी घासायला आली, तिला दाखवायचं राहिलं होतं. आणि अशा तऱ्हेनं, कुणीही मुद्दाम काही न करता, राजकुंवर सासूशी खोटं बोलू लागली.

तिसऱ्या दिवशी चौदाची नऊ झाली. बाकीची तळाशी, पांढुरकी पडलेली. उरलेलीही मलूल. राजकुंवरला रडू फुटायचं बाकी होतं, कारण तिनं हयगय काही केली नव्हती. भाताचं शीत घातलं, मुगाचं पीठ घातलं, पोळीचा चुरा घातला. पाणी रोज बदललं, आणि तेही तीनदा गाळून.

भिकुबाई हातातली राख झटकत आली. ही पंचावन्न वर्षांची बाई तीस वर्षं ह्या घरी भांडी घासत होती आणि भांड्यांइतकीच माणसंही स्वच्छ करून जात होती. तिनं बरणीत नाक घातलं.

"माय वं! आरपार दिखस!" मग तिनं पाण्याकडे बघितलं, मग गाळण्याकडे, मग राजकुंवरकडे. "भाभी, तू हाई पानी गाळेल शे का?"

"तीनदा!"

"मंग काय खातीन त्या? गाळी गाळी तू त्यासना पुढथून बठ्ठं ताट उचली लिधं ना!"

राजकुंवर कपाळावर हात मारून खाली बसली. तिनं बघितलं होतं ना, की ही पिल्लं शिताला तोंड लावत नाहीत, कुरतडत नाहीत, नुसती पाण्यात उभी राहून तोंडाची उघडझाप करतात! ती पाणीच खात होती. पाण्यातलं ते हिरवं-हिरवं, जे डोळ्यालाही दिसत नाही, ते गाळून घेत होती. म्हणजे तीही गाळणारीच. आणि ह्या घरात आपल्याआधी कुणी तरी गाळून ठेवल्यावर त्यांनी काय गाळायचं? जीव जगावेत म्हणून गाळलेल्या पाण्यानं जीव मारायचा, हे अख्ख्या चोपड्यात फक्त ह्याच घराला जमलं असतं.

ती लोटा घेऊन धावली. विहिरीच्या कठड्याला लागून धुण्याचा दगड होता आणि दगडापाशी सांडलेल्या नि पावसाच्या पाण्याचं एक कायमचं डबकं. हिरवं, शेवाळलेलं, चंदनबाईंच्या लेखी घराण्याचा कलंक. लोटा बुडवणार तेवढ्यात तिचा हात थांबला. डबक्यात डोळे होते. शेकडो! सगळे एका दिशेला बघत. आणि कडेला पाण्यावर एक पातळ साय तरंगत होती. बारीक, स्वच्छ, साबुदाण्यासारखे मणी एकमेकांना चिकटून एकपदरी पसरलेले, आणि प्रत्येक मण्यात एक काळं टिंब.

"भिकुबाई, हे अंडी घालतंय कोण?"

"दररोज सांजले वरडस तोच. कर्रर्र, कर्रर्र. तू म्हंतीस ना, केवढा मोठा बेडूक शे!"

फणीच्या दातांवरून नख ओढल्यासारखा तो आवाज राजकुंवर जन्मभर ऐकत आली होती, आणि तो आवाज करणारं धूड मुठीएवढं तरी असणार असं धरून चालली होती. भिकुबाईनं धुण्याच्या दगडाशेजारचा विटेचा तुकडा हळूच उचलला. खाली ओलाव्यात, अंगठ्याच्या नखाहून किंचित मोठा, एक बेडूक बसला होता. तोंड निमुळतं, मातकट पिवळं अंग, आणि पाठीवर गडद तपकिरी नक्षी, डोक्याशी अरुंद आणि कमरेकडे रुंद होत गेलेली, कुणी काडीनं झाड रेखाटावं तशी. शेजारून मुंग्यांची रांग चालली होती. त्यानं पुढे वाकून एक मुंगी टिपली. मग दुसरी. रांग चालूच होती, त्याचं जेवणही.

"एवढासा?" राजकुंवर आणखी वाकली. "एवढ्याशा देहातून एवढा आवाज?"

"तुन्ही सासू कितली शे?" भिकुबाई म्हणाली. "चार फूट."

दोघी तोंडात पदर कोंबून हसल्या.

त्याच दुपारी जोराची सर आली आणि राजकुंवर छत्री घेऊन परसात उभी राहिली. डबकं भरलं, फुगलं आणि कठड्याच्या तळाशी जे भोक होतं त्यातून धार लागून पाणी विहिरीत पडायला लागलं. धारेबरोबर डोळेही. विहिरीत ही पिल्लं कुठून येतात ते आता तिला कळलं. ती विहिरीची नव्हतीच, वाहून आलेली होती.

उरलेली नऊ पिल्लं तिनं पेरूच्या झाडाखालच्या दगडी डोणीत सोडली. म्हैस विकल्यापासून ती डोणी रिकामीच पडली होती. डबक्याचं हिरवं पाणी त्यात भरलं. दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ तरतरीत. आणि मग रोज सकाळी गाळण्यात येतील ती सगळी पिल्लं ती डोणीत नेऊ लागली, आणि ओसरीत बसलेल्या कानांसाठी रिकामी बालटी विहिरीत उतरवून दोरी ओढून पालथी करू लागली. रिकाम्या बालटीतून विहिरीत रिकामपण ओतायचं आणि "गेले, बाईसा" म्हणायचं. कठड्याच्या भोकात तिनं विटेचा तुकडाही बसवला, पण मोठ्या सरीत तो निघून जाई.

"बालटी हलकी वाजते हल्ली," एकदा चंदनबाई म्हणाल्या.

"दोर नवा आहे, बाईसा."

दोर पाच वर्षांचा होता.

राजकुंवर सातवीपर्यंत शिकलेली. त्यापुढचं शिक्षण रद्दीत झालं. दुकानात पुड्या बांधायला जी रद्दी येई ती आधी तिच्या हाताखालून जाई. असं करत तिला रशियातल्या थंडीबद्दल, मूत्रपिंडाच्या रचनेबद्दल आणि तीन वेगवेगळ्या कादंबऱ्यांच्या मधल्याच भागाबद्दल चांगली माहिती झाली होती. शेवट मात्र एकीचाही नाही. त्या आठवड्यात विज्ञानाच्या कुठल्याशा मासिकाची रद्दी आली आणि एका पानावर, देवाशप्पथ, तेच! निमुळत्या तोंडाचा, इंचभर लांबीचा, मुंग्या-वाळवी खाणारा बेडूक. पिल्लं पारदर्शक. अंडी चोवीस-तीस तासांत फुटतात, कारण डबकं कधी आटेल ह्याचा भरवसा नसतो. साधारण चार आठवड्यांत पिल्लाचा बेडूक होतो. आधी मागचे पाय येतात, नंतर पुढचे, आणि शेपूट जिरू लागलं की…

पान तिथं फाटलेलं होतं.

"ह्याचा खालचा भाग कुठाय?" ती दुकानात जाऊन उभी राहिली.

अभयकुमार आठवू लागले. "जिऱ्याला गेला."

"कुणाच्या?"

"मंदाबाई मास्तरीण. आत्ताच गेल्या."

भर दुपारी डोक्यावरचा पदर सावरत राजकुंवर बाजारपेठेतून जवळजवळ पळत गेली. मंदाबाई मास्तरीण दार उघडून बघतात तर किराणेवाल्या शेठची बायको धापा टाकत जिऱ्याचा कागद परत मागतेय. "वजनात काही चुकलं का?" त्यांनी विचारलं. "नाही हो, शेपटात," राजकुंवर म्हणाली, वाटीत जिरं ओतून देऊन कागद घेतला आणि रस्त्यातच उभी राहून वाचला.

त्यात चारच ओळी होत्या. शेपूट जिरू लागलं की पाण्यात श्वास घ्यायचे कल्ले जातात, फुप्फुसं काम करू लागतात. तेव्हा पिल्लाला पाण्याबाहेर येणं भाग असतं. ह्या जातीला उभ्या गुळगुळीत पृष्ठावर चढता येत नाही. उतरता काठ मिळाला नाही तर पिल्लं दमून बुडतात.

तिनं ते दोनदा वाचलं. सायकलवाला घंटी वाजवून वैतागून बाजूनं गेला. बहात्तरच्या दुष्काळात सासऱ्यांनी विहीर खोल करून आतून वरपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. पंचक्रोशीतून लोक बघायला आले होते. आरशासारखी विहीर. आणि त्याआधीही दगडी बांधकाम होतं, चुन्यानं सांधे भरलेलं. पायऱ्या कधीच नव्हत्या.

घरी येऊन तिनं पहिलं काम केलं म्हणजे छपरावरून पडलेलं एक जुनं कौल डोणीत तिरपं लावलं, निम्मं पाण्यात, निम्मं बाहेर. दुसरं काम म्हणजे भिकुबाईच्या शेजारी राखुंडीपाशी जाऊन बसली.

"भिकुबाई, भादव्यात विहिरीत काही तरंगतं का गं?"

भिकुबाईचा हात तांब्यावर जरा जास्त वेळ फिरला. "कचरा येस. बाईसा उठाना पहिले मी काढी टाकस."

"कसला कचरा?"

"कचरा म्हंजे कचरा."

"त्याला पाय असतात का?"

"भाभी, तुले काही काम नही का व?" भिकुबाई म्हणाली आणि तांब्या इतका घासला की त्याचा आकार बदलेल असं वाटलं.

रात्रीच्या जेवणाची पद्धत घरात नव्हती, म्हणून दिवस मावळायच्या आत अभयकुमारांना वाढताना तिनं हळूच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"भादव्यातलं. विहिरीतलं."

"पाला पडतो पेरूचा," ताटाकडे बघत ते म्हणाले. "माझे वडील असताना तेही म्हणायचे, पाला पडतो. आईला सांगू नका." मग भाकरीचा तुकडा हातातच ठेवून म्हणाले, "पाल्याबद्दल आईला काय सांगायचं असतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यानं त्यानं आपापल्या परीनं त्याला नाव दिलं होतं, कचरा, पाला, आणि चंदनबाईंपासून ते लांब ठेवलं होतं. आता राजकुंवरचीही पाळी आली. खोटं बोलल्याची तिला धास्ती नव्हती एवढी खरं बोलण्याची होती. रिकामी बालटी कबूल करायची तर ती का, हेही सांगावं लागणार. आणि ते सांगायचं कसं? ज्या बाईनं वाटेतली मुंगी चुकवताना स्वतःचा पाय मुरगळून घेतला होता, तिला? बरं, लपवावं तर पुढे संवत्सरी होती. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत एकमेकांपुढे हात जोडून वर्षभराची क्षमा मागायची. पोटात खोटं ठेवून क्षमा मागायची म्हणजे चोरून जेवून उपास सोडल्यासारखं.

पण पिल्लांना राजकुंवरच्या अडचणींशी कर्तव्य नव्हतं. पंधराव्या-सोळाव्या दिवशी शेपटाच्या मुळाशी दोन बारीक कोंब आले. "पाय!" ती ओरडली, आणि ओसरीतून "कुणाचा?" असा प्रश्न आल्यावर "माझाच, बाईसा, घसरला" म्हणाली. विसाव्या दिवशी कोंबांना गुडघे आले. काचेसारखं अंग धुरकट होऊ लागलं, आतलं काळीज दिसेनासं झालं, आणि त्या झाकल्या जाणाऱ्या पाठीवर एके सकाळी तीच नक्षी, ते काडीनं रेखाटलेलं झाड, अगदी फिकट उमटलं. राजकुंवर तेव्हा दात घासत होती. तशीच ब्रश तोंडात ठेवून ती दुकानात गेली आणि तीन गिऱ्हाइकांसमोर हातवारे करून अभयकुमारांना बाहेर ओढलं. मग दुकान उघडायच्या आधी अभयकुमारांचा एक फेरा डोणीकडे होऊ लागला. "सहज," ते म्हणत. भिकुबाई तर येतानाच डोणीला हाळी घाली, "उठनात का रे सगळा?"

पर्युषण लागलं. चंदनबाईंनी सत्तराव्या वर्षी अठाई धरली. आठ दिवस अन्न नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. "एवढं जमेल का ह्या वयात?" अभयकुमारांनी विचारलं, तर म्हणाल्या, "वयानं कुठं जेवायचं असतं?" त्या दिवसेंदिवस हलक्या होत गेल्या, आवाज बारीक झाला, पण चेहरा उजळला. त्यांच्याकडे बघून राजकुंवरला रोज वाटे, आज नको, उपास सुटू दे. आणि मग वाटे, उपास सुटायच्या आधीच सांगायला हवं, उपास सुटतो संवत्सरीनंतर.

संवत्सरी उजाडली. आदल्या दिवशी गणपती बसले होते, चौकातल्या मंडळाचे ढोल दुपारीही चालू होते. दुकान बंद. अभयकुमार पांढऱ्या कपड्यांत जैन स्थानकातून घरी आले होते. चंदनबाई ओसरीत डोळे मिटून. राजकुंवर आत एकटीच "बाईसा, मला क्षमा करा, मी…" एवढं भिंतीशी सात वेळा म्हणून बघत होती, आणि सातही वेळा "मी"पाशी अडकत होती.

साधारण तीन वाजता परसातून किंकाळी आली.

"चढनं! भाभी व, चढनं! दखा ना, चढनं!"

राजकुंवरचा गुडघा त्या दिवशी कुरकुरला नाही. ती पोचली तेव्हा भिकुबाई डोणीपाशी उकिडवी बसून दोन्ही हात हवेत धरून होती, जणू हात खाली आणले तर काही सांडेल. तिरप्या कौलावर, पाण्याच्या रेघेपासून दोन बोटं वर, हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक बेडूक बसला होता. अख्खा बेडूक! चार पाय, निमुळतं नाक, पाठीवर झाड, आणि मागे अजून न जिरलेल्या शेपटाचा एक तुकडा. गळ्याची कातडी भराभर वर-खाली होत होती. तो हवा घेत होता. आयुष्यात पहिल्यांदा.

"दुसरं!" अभयकुमार ओरडले. ते कधी आले कुणाला कळलं नाही. पांढरं धोतर चिखलात टेकवून ते गुडघ्यांवर बसले होते. "ते बघ, पुढचा पाय टेकवला! चढतंय, चढतंय… घसरलं. अरे, वर ये ना बाबा!"

"येस, येस," भिकुबाई म्हणाली. "बठ्ठा जगतीन. दखज्यात तुम्ही."

दुसरं चढलं. तिसरं लगेच त्याच्या पाठीवर पाय देऊन चढलं. तिघंही मोठी माणसं, तिघांची मिळून दीडशे वर्षं, आणि लहान पोरांसारखी टाळ्या पिटत होती.

"मलाही सांगा की," मागून बारीक आवाज आला. "कोण चढलं?"

चंदनबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

मग राजकुंवरनं सांगितलं. एका दमात, भराभर, गाळण्यातले डोळे, बरणी, गाळलेल्या पाण्यानं मेलेली पाच, डबकं, डोणी, जिऱ्याचा कागद, पाय, झाड. विहिरीचं तेवढं गाळलं. चंदनबाई अभयकुमारांच्या आधारानं डोणीपर्यंत आल्या.

"माझ्या गाळण्यातले?"

"हो, बाईसा."

"माझ्या हाताला वळवळायचे ते?"

"तेच."

त्यांनी तळहात पुढे केला. राजकुंवरनं कौलावरचा पहिला बेडूक पानाच्या टोकानं अलगद त्यावर सरकवला. चंदनबाईंनी डोळे मिटले, तसेही त्यांचा उपयोग नव्हता.

"वजनच नाही गं," त्या म्हणाल्या. मग एकदम, "आहे! आहे. चार पाय आहेत. पोट हलतंय त्याचं!" त्यांचं बोळकं पसरलं. आठ दिवसांचा उपास असलेला तो चेहरा असा काही फुलला की भिकुबाईनं पदरानं डोळे पुसले. "किती आहेत असे?"

"शंभराच्या वर आहेत डोणीत."

"आणि माझ्याशी खोटं बोललीस."

"हो, बाईसा. महिनाभर. मी रिकामी बालटी सोडत होते."

"ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं. भरल्या बालटीचा दोर वेगळा वाजतो. मला वाटलं, आळस करतेस. संवत्सरीला माफ करायचं म्हणून ठेवून दिलं होतं." त्या हसल्या. "झालं. केलं माफ. पण मग विहिरीत का नाही सोडलेस?"

ढोल जरा वेळ थांबले होते, तेही नेमके आताच.

"डोणी जवळ होती," राजकुंवर म्हणाली.

"विहिरीत पाला फार झालाय, आई," अभयकुमार म्हणाले.

"कचरा," भिकुबाई म्हणाली.

चंदनबाईंनी दुसऱ्या हातानं डोणी चाचपली. पाण्यात बोट बुडवलं, कौलाची कड लागली, तिच्यावरून बोट वर नेलं. "हे कौल कशाला?"

"त्याला चढायला."

"आणि चढायला नसलं तर?"

अभयकुमार धोतराला लागलेला चिखल बघत होते. चंदनबाई वळल्या. बेडूक एका हातात तसाच, दुसरा हात पुढे धरून, सहा पावलं चालत विहिरीच्या कठड्याशी गेल्या. राजकुंवर धावली, पण त्यांनी तिला आधार देऊ दिला नाही. कठड्यावरून वाकून त्यांनी आतल्या भिंतीवर तळवा टेकवला आणि हात पोचेल तिथपर्यंत खाली नेला. मग परत वर आणला. गिलाव्याला कुठे खाच नव्हती.

त्या सरळ झाल्या. धुण्याच्या दगडापाशी बसल्या, डबक्याच्या कडेच्या गवतात तळहात टेकवला आणि बेडूक आपणहून उतरेपर्यंत तो हलवला नाही.

"भिकू," त्या म्हणाल्या, "दर भादव्यात तू माझ्याआधी उठून विहिरीत बालटी का टाकतेस, ते मी तुला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

"बाईसा…"

"नको. कुणी बोलू नका. तुम्ही सगळ्यांनी पुष्कळ वर्षं सांभाळलं मला." त्यांनी तिघांच्या दिशेनं हात जोडले, मग विहिरीकडे वळून तसेच जोडले. आवाज बारीक होता, पण फुटला नाही. "मी विहिरीत सोडले ते सगळे मेले. चोपन्न वर्षं मी रोज सकाळी ह्या हातांनी त्यांना बुडवलं."